सकाळच्या पाळीचे तास

धावपट्टी, यवतमाळ
४ मे २०२५

बाई,

पाया पडतो. तुझा फोन सहा दिवसांपासून बंद लागतो, म्हणून हे पत्र. पत्ता मागच्या दिवाळीच्या कुरिअरच्या पाकिटावरून उतरवला आणि दोनदा ताडून पाहिला. तरी चुकला असेल तर पाकीट परत येईल.

आधी आपल्या आईचं, याडीचं सांगतो. ती तांड्यावरच आहे, ठीक आहे. टीव्हीवर तुमचं विमान दाखवलं तेव्हा शेजारच्यांनी तिला बोलावून नेलं. एका बाजूला कललेलं विमान पाहून ती म्हणाली, "हे आपल्या जमनीचं नोहे. जमनी तं अलगद उतरते, खेमानं सांगतलं मले." मग तिनं मला फोन केला. मी सांगितलं की विमान तुझंच आहे, पण तुला काही झालं नाही. ती म्हणाली, "मंग ते कलून काहून राह्यलं?"

पेपरातलं मी वाचलं. दुपारचे साडेतीन, आडवा वारा, उतरताना विमान तुझ्या हातात आणि शेजारी कॅप्टन. त्यांनी ताबा घेईपर्यंत उजवं चाक आपटून टायर फुटला होता. एकशे बावन्न प्रवासी आपल्या पायांनी उतरले. सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसलेल्या खुशी नावाच्या एअर होस्टेसच्या मणक्याला मार बसला. तिचं वय तेवीस लिहिलं आहे, म्हणजे माझ्याएवढं.

बाई, वारा कोणाच्या हातात नसतो. एप्रिलमधल्या दुपारी जमीन तापली की तो कसा उसळतो ते मी इथं रोज पाहतो. कॅप्टन पंधरा वर्षांचे अनुभवी होते, त्यांनाही तो वेळेवर कळला नाही. मग तू तर सहा महिन्यांपूर्वी मोठ्या विमानात बसलेली. लोक काही म्हणोत. काही ठिकाणी न उडताच वहीत तास भरतात असं ऐकू येतं, आणि उद्या कोणी तुझ्याबद्दलही तसं म्हणेल. तू घाबरू नकोस. या उड्डाणशाळेतले तुझे दोनशे आठ तास मी स्वतः लिहिले आहेत. चाक जमिनीवरून सुटल्यापासून टेकेपर्यंत घड्याळ पाहून लिहिले आहेत. त्यात एक मिनिटही खोटं नाही. हे मी कुठंही शपथेवर सांगेन.

इथं सगळं तसंच आहे. धम्मरत्न सर रोज सकाळी विचारतात, "आडे, जमनीचा फोन?" मी नाही म्हणतो. ते म्हणतात, "येईल. माझ्या हाताखालची आहे ती." मी अजून पाळीचा फळा लिहितो. आज सात जणांची पाळी लावली. सकाळी धावपट्टीवर दोन रोही येऊन उभे होते, त्यांना हाकललं.

जेवत जा. फोन सुरू केलास तर आधी याडीला कर, मला नंतर केलास तरी चालेल.

तुझा
खेमा

*

धावपट्टी, यवतमाळ
२१ मे २०२५

बाई,

पाया पडतो. तुझं पत्र मिळालं. चार ओळी आहेत, पण मिळालं.

आठ जुलैला कंपनीची समिती बसणार आहे हे समजलं. त्यांना तुझ्या शिकण्याच्या काळातल्या प्रत्येक उड्डाणाची वेळ आणि त्या वेळचा वारा हवा आहे, आणि शाळेनं पाठवलेल्या कागदावर फक्त एकूण बेरीज आहे, हेही समजलं. माझ्या वह्यांमध्ये ते सगळं असेल असं तू लिहिलंस. तुझी शेवटची ओळ मी पुष्कळदा वाचली: "राजीनामा लिहून ठेवला आहे, पण देण्याआधी मला समजून घ्यायचं आहे की माझ्या हातात नेमकं काय नाही."

वह्या शोधतो आहे. मागच्या वर्षी ऑफिसचं सामान हँगरच्या मागच्या खोलीत हलवलं, तेव्हा काही गठ्ठे इकडेतिकडे झाले. त्या खोलीत वाळवीही आहे. सापडल्या की लगेच कळवतो.

पण मला वाटतं, समितीनं शाळेच्या तासांपेक्षा पुढचं पाहावं. तूच एकदा फोनवर सांगितलं होतंस की मोठं विमान शिकताना तुम्हाला खोट्या कॉकपिटमध्ये बसवतात. त्यात वारा येतो, पाऊस येतो, इंजिनही बंद पडतं. तू हसून म्हणाली होतीस, "खुर्ची हालते रे, पण पोटाले माहीत असते का खाली फरशी हाय." मग असं शिकवून काय उपयोग? आणि खऱ्या विमानात तर सगळं यंत्रच चालवतं. दोन तासांच्या फेरीत तुझे हात सहा-सात मिनिटंच लागतात, हेही तूच सांगितलंस. अशानं हाताला सवय कशी होणार? हे तू समितीपुढे मांड. मुद्दे लिहून हवे असतील तर मी स्वच्छ अक्षरात लिहून पाठवतो.

काल सर चहा पिताना बोलत होते. लिहू की नको असा विचार केला, पण लिहितो. नवीन पोरांपैकी एक जण विचारत होता, "सर, दोनशे तास झाले का झालं नं?" सर म्हणाले, "कागदावर झालं. माझ्याजवळ दोन पोरं येतात. एकाच्या दोनशे तासांत धूळ आहे, ऊन आहे, दोनदा वाट चुकला आहे, एकदा इंजिन खोकललं आहे. दुसऱ्याचे दोनशे म्हणजे एकच तास, दोनशे वेळा. कंपनी दोघांची बेरीज पाहते. वारा बेरीज पाहत नाही."

पोरगा म्हणाला, "मग आम्ही काय करावं?"

"दुपारी उठत जा," सर म्हणाले, आणि सगळे हसले.

ते माझ्याकडे पाहून बोलले नाहीत. कपाकडे पाहून बोलले.

तू पहिल्यांदा एकटी उडालीस तो दिवस आठवतो का? सकाळचे साडेसहा. वारा दाखवणारी कापडी विंडसॉक खांबाला चिकटून लोंबत होती, जसा वाळत घातलेला ओला सदरा. तू तीन फेऱ्या मारल्यास आणि तिन्ही वेळा चाक असं टेकलं की आवाजही आला नाही. सर म्हणाले, "पोरगी धावपट्टीला झोपेतून उठवत नाही." तो दिवस आठवत जा.

वह्यांचं पाहतो.

तुझा
खेमा

*

धावपट्टी, यवतमाळ
३ जून २०२५

बाई,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितो आहे. आधीची तीन फाडली, कारण प्रत्येकात मी दुसऱ्या कोणाचं तरी नाव आधी लिहिलं होतं.

वह्या हरवल्या नव्हत्या. पाचही माझ्या पेटीत आहेत. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी त्या काढल्या आणि तुझं प्रत्येक उड्डाण वेगळ्या कागदावर उतरवलं. तुझे एकूण तास दोनशे आठ. त्यातले एकशे एक्याऐंशी सकाळी नऊच्या आतले. अकरा ते पाच या दुपारच्या वेळेतले फक्त नऊ, आणि त्या नऊही तासांत सर शेजारी बसलेले होते. उरलेले अठरा मधल्या वेळेतले. आडवा वारा दहा नॉटच्या वर असताना तू एकटीनं एकदाही विमान उतरवलं नाहीस. मी तीनदा तपासलं. एकदाही नाही. तुझ्याबरोबर शिकलेल्या सुनीलचे दुपारचे तास एकावन्न आहेत.

हे आपोआप झालं नाही. हे मी केलं.

पाळीचा नियम साधा होता, एक आठवडा सकाळ, एक आठवडा दुपार. फळा मी लिहायचो. तुझा दुपारचा आठवडा आला की तुझ्या नावापुढे मी ते विमान लिहायचो ज्याची त्या दिवशी तपासणी ठरलेली असे. ते हँगरमधून निघायचंच नाही. तुझी पाळी रद्द व्हायची. रद्द झालेली पाळी दुसऱ्या दिवशी सकाळी भरून द्यायची, हाही नियमच होता. त्यामुळे फळ्यावर कधी चूक दिसली नाही. सर सही करायचे. एकदा ते म्हणाले, "काय रे आडे, तुझ्या बहिणीचं दुपारशी भांडण आहे काय?" मी हसलो. सरही हसले.

तूही एकदा विचारलं होतंस. "खेमा, माही पाळी सकाळचीच कशी येते रे?"

मी म्हणालो, "तुहं नशीब."

"नशीब काय वेळापत्रक पाहून येते?" असं म्हणून तू हेल्मेटसारखे ते मोठे हेडफोन माझ्या डोक्यावर ठोकून निघून गेलीस.

का केलं ते सांगतो. सांगितल्यानं कमी होत नाही, हे मला माहीत आहे.

बापू गेले तेव्हा तू आश्रमशाळेत होतीस. तुला दुसऱ्या दिवशी आणलं, तोवर त्यांना झाकून ठेवलं होतं. तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं. मी नऊ वर्षांचा होतो. मे महिना होता, वादळ सुटलं, बापू गोठ्याच्या छपरावर दगड ठेवायला धावले आणि मी त्यांच्या मागे दगड घेऊन धावलो. शेजारच्या छपराचं टिन उडून त्यांच्यावर आलं. मी हातभर मागे होतो. माझ्या हातातला दगड तसाच राहिला. तेव्हापासून पत्रा वाजला की मी हातातलं काम टाकून आत जातो. इथं कामाला लागलो ते धावपट्टीवरचं गवत कापायला. मग सरांनी माझं अक्षर पाहून ऑफिसात घेतलं आणि वाऱ्याची नोंद ठेवायचं काम दिलं. दर अर्ध्या तासानं तो किती आणि कुठून, हे लिहायचं. मला ते काम आवडलं. लिहून ठेवलेला वारा मला कमी भीती घालायचा.

तुझं नाव इथं घातलं तेव्हा याडी पाहायला आली होती. दुपारची वेळ होती, विंडसॉक काठीसारखी ताठ उभी होती. याडी तिच्याकडे पाहत म्हणाली, "हे असं असतानी बी पोरी वरते जातेत?"

"जातात."

"आन् कोन कवा जाईल ते कोन लिव्हते?"

"मी."

"मंग झालं तं," ती म्हणाली, आणि तिनं भाकरीचं गाठोडं सोडलं. तुझ्यापुढे ती काही बोलली नाही. पुढची दोन वर्षं मी रोज संध्याकाळी तिला फोन करून सांगायचो, आज बाई उडाली, आज वारा नव्हता.

पण फळा याडीनं लिहिला नाही. खडू माझ्या हातात होता.

मला वाटायचं, मी तुला जपतो आहे. तुझं चाक आवाज न करता टेकलं की मला वाटायचं, मीच टेकवलं. तुला त्या दुपारी जे करता आलं नाही ते करायची एकही संधी मी तुला दिली नव्हती. तुझ्या हातात काय नाही असं तू विचारलंस. तुझ्या हातात खोट नाही, बाई. सुनीलला मिळाल्या तेवढ्या दुपारी नाहीत. त्या माझ्याकडे आहेत.

वह्या तू सांगशील तिथं आणून देतो. समितीला दाखव. राजीनामा देऊ नकोस.

खेमा

*

ढाणकी
२४ जून २०२५

बाई,

शुक्रवारी उमरखेडच्या स्टँडवर मला जे बोलता आलं नाही ते लिहितो. तू नांदेडच्या गाडीनं आलीस आणि तीन तासांत परत गेलीस. तांडा तिथून वीस किलोमीटर होता. याडीला मी सांगितलं नाही की तू एवढ्या जवळ आली होतीस.

मी ठरवून आलो होतो की आधी चहा घेऊ. मी म्हणालो, "बाई, चहा—"

"वह्या दे."

"तू प्रवासातून आली..."

"खेमा, वह्या."

तू बाकावर बसून वाचत राहिलीस. पुसदची गाडी लागली आणि गेली. माहूरची लागली आणि गेली. तू बोटानं एकेक ओळ खाली सरकत होतीस आणि मी तुझं बोट पाहत होतो. तिसऱ्या वहीच्या मधोमध तू थांबलीस. मला वाटलं रडशील. तू वर पाहून अगदी हळू म्हणालीस, "मी तीजेचा गहू होती काय रे?"

मला वाटलं, तू तीजेच्या सणाचं काही विचारतेस.

"सावलीत टोपली ठेवाची, दोन टाइम पाणी घालाचं, गानी म्हनाची. पिवळा, उंच, नाजूक. सारे म्हनतेत, काय सुंदर वाढला! त्याले दाना भरताना पाह्यला तू कधी?"

"बाई..."

"दहाव्या दिवशी नदीत सोडतेत त्याले."

मी म्हणालो की समितीपुढे या वह्या ठेव, म्हणजे त्यांना दिसेल की तुला शिकू दिलं नाही. ते तुला पुन्हा लहान विमानावर पाठवतील, वाऱ्यात तास देतील. सर म्हणतात की असं होतं, हातानं उडवायचा सराव कमी पडला तर परत शिकवतात, काढून टाकत नाहीत. तू ऐकून घेतलंस. मग विचारलंस, "आन् तुले काय होईल?"

"नोकरी जाईल."

"नुसती नोकरी?"

"माहीत नाही."

तेव्हा तू हसलीस. त्या दिवशी एकदाच. "खेमसिंग आडेले काही माहीत नाही, असं पहिल्यांदाच आयकून राह्यली."

मी तुझा हात धरायला गेलो आणि तू मागे घेतलास. मग तू मोठ्यानं बोलायला लागलीस, त्या खुशीचं. ती अजून कमरेला पट्टा बांधून झोपून आहे, कूस बदलायला तिच्या आईला हाक मारावी लागते. तू एवढ्या मोठ्यानं बोलत होतीस की नांदेडच्या गाडीचा कंडक्टर दारातून ओरडला, "ओ ताई, गाडी सुटून राह्यली! उरलेलं भांडन फोनवर करजा!" दोन-चार जण हसले. तू वह्या पिशवीत टाकल्यास आणि चढलीस. खिडकीची जागा होती, पण तू पलीकडच्या बाजूला बसलीस.

वह्यांचं तू काय करशील हे मी विचारलं नाही. मला वाटलं, ते विचारायचा हक्क आता मला नाही.

आठ तारखेला मी उपास करणार आहे. हे तुला सांगायला नको होतं, पण लिहून झालं आणि खोडलेलं पत्र मला पाठवता येत नाही.

खेमा

*

यवतमाळ
२८ जुलै २०२५

बाई,

हे पत्र तुझ्या परवानगीशिवाय लिहितो आहे. तुला काही गोष्टी दुसऱ्या कोणाकडून कळू नयेत म्हणून.

समितीचं मला दहा तारखेला सरांकडून कळलं. सरांनाही त्यांनी व्हिडिओवर प्रश्न विचारले होते. सर ऑफिसात आले, टोपी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आडे, तुझ्या बहिणीनं वह्या दिल्याच नाहीत. ती म्हणाली, शाळेनं पूर्ण शिकवलं, तक्रार नाही, हात माझा चुकला. त्यांनी तिला उड्डाणातून कायमचं काढलं." आणि मग, "तीस दिवसांत दाद मागता येते. सात ऑगस्टपर्यंत. ती मागणार नाही."

त्याच दिवशी मी तुला फोन केला आणि तू उचललास. आपण जे बोललो ते मी शब्द न शब्द लिहून ठेवलं आहे, कारण पुन्हा आपलं बोलणं होईल की नाही हे मला माहीत नव्हतं.

मी विचारलं, "वह्या काहून नाही दिल्या?"

तू म्हणालीस, "जाळल्या."

"बाई!"

"त्या पोरीची पाठ मोडली. मी काय सांगू तिले, माह्या भावानं केलं? अन् तू म्हनतं तसं मले दिलं नाही, दिलं नाही... मी आंधळी होती काय, खेमा? चार-चार दुपारी विमान हँगरात. मले समजत नव्हतं? सकाळ मलेही गोड वाटे. वर काही हालत नाही, खाली सारा जिल्हा चित्रासारखा. मी एकदा विचारलं अन् तू नशीब म्हनला, तं मी मानून घेतलं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तं तू खोटं बोलू शकला नसता. म्हनून विचारलं नाही. ते माहं हाय. ते तुले देत नाही मी."

मी म्हणालो, "मी लिहून पाठवतो समितीले."

"पाठवलं तं मले भाऊ नाही असं समजीन."

आणि फोन बंद झाला.

मी आठ दिवस काही केलं नाही. मला वाटलं, तू सांगतेस तसंच करावं. एवढं तरी तुझ्या मनासारखं व्हावं. मग मी नागपूरला खुशीकडे गेलो. पत्ता सरांनी काढून दिला. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिच्या आईला वाटलं मी कंपनीचा माणूस, म्हणून तिनं खुर्चीवरचे कपडे घाईघाईनं उचलले. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. फळा, तपासणीचं विमान, नऊ तास, सगळं. झाल्यावर खुशी म्हणाली, "जमनी मॅडम रोज फोन करतात. त्या म्हणतात, माझा हात. आता तुम्ही म्हणता, माझा. तुम्ही दोघं भाऊबहीण ठरवून घ्या ना. पाठ माझी एकच आहे."

मी जायला वळलो.

तिनं विचारलं, "तुमच्या शाळेत आता किती जण शिकतात?"

"अकरा."

"त्यांच्या दुपारी कोण लिहितं?"

परत येऊन मी त्या अकरा जणांचे तास काढले. मी त्यांच्यासाठी काहीही फिरवलेलं नाही, हे तू मान. तरी सहा जणांचे दुपारचे तास दहाच्या आत आहेत. दुपारी वारा सुटला की पाळी रद्द होते, आणि रद्द झालेली सकाळी भरून देतात, कारण सकाळी तास लवकर पुरे होतात आणि पोरं लवकर बाहेर पडतात. जी युक्ती मला वाटत होती की मी एकट्यानं तुझ्यासाठी शोधली, ती शाळेची सवयच आहे. मी ती फक्त मनापासून केली. त्या सहांपैकी एक मारेगावची पोरगी आहे, दोन महिन्यांत कुठंतरी भरती होईल. तिच्या मागच्या खुर्चीवर कोण बसेल ते मला माहीत नाही.

तुझ्या वह्या जळल्या, पण प्रत्येक विमानाची स्वतःची वही असते, कोण किती वाजता घेऊन गेलं त्याची. वाऱ्याचं रजिस्टर ऑफिसात आहे. दोन्ही समोर ठेवून मी नऊ दिवसांत तुझं प्रत्येक उड्डाण पुन्हा उभं केलं. सोबत त्या सहा जणांचंही. नावं घातली नाहीत, आकडे घातले. मी काय केलं ते पहिल्या पानावर लिहिलं. तुला थोडं कळत होतं असं तू म्हणालीस, तेही लिहिलं, कारण ते लपवलं असतं तर मी पुन्हा फळाच लिहीत असतो. त्याचा तुला राग येईल. येऊ दे.

सरांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, सगळं वाचलं आणि माझ्या सहीखाली आपली सही केली. मी म्हणालो, "सर, तुम्ही कशाला?" ते म्हणाले, "रोजच्या पाळीवर सही कोणाची होती, आडे? मी तुझं अक्षर पाहत होतो. वेळ पाहिली नाही." मारेगावच्या त्या पोरीला त्यांनी त्याच दुपारी दीड वाजता स्वतः वर नेलं. ती उतरल्यावर झाडाखाली ओकली, आणि तोंड धुऊन म्हणाली, "उद्या पन?"

रविवारी तांड्यावर जाऊन याडीला सांगितलं. समजायला तिला वेळ लागला. मग म्हणाली, "म्या म्हनलं होतं तुले, ते बी लिवलं काय?"

"लिहिलं."

"बरं केलं." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आता जमनी येनार नाही काय घरी?" मी म्हणालो, माहीत नाही. ती उठून आत गेली आणि बराच वेळ पिठाच्या डब्याशी काहीतरी करत राहिली. त्या दिवशी तिनं भाकरी केल्या नाहीत.

पाकीट आज अकरा वाजून वीस मिनिटांनी मोठ्या पोस्टात दिलं, रजिस्टर्ड. शाळेला माझा राजीनामा आधीच दिला. दाद तुझ्या नावानं मागता येत नाही, ती तुलाच मागावी लागेल, हे सरांनी विचारून घेतलं आहे. पण हे कागद पोचल्यावर समितीला तुला बोलवावं लागेल. बोलवलं तर जा. माझ्यासाठी नको. खुशीनं विचारलेल्या प्रश्नासाठी जा.

तू फोनवर म्हणालीस ते मी नीट ऐकलं होतं. विसरून पाठवलं नाही, समजून पाठवलं.

तुला परत शिकायला नेलं तर ते कुठं, कोणत्या शाळेत, हे मला कळवू नकोस. मी सरांनाही विचारणार नाही. एखाद्या दुपारी आडव्या वाऱ्यात तू एकटी विमान उतरवशील, चाकाचा आवाज होईल, आणि मी कुठंतरी दुसरं काही काम करत असेन. मला त्या दिवशी काही कळणार नाही. मी पुष्कळ विचार करून पाहिला, बाई. असंच असायला हवं.

खेमसिंग सेवादास आडे